छबू नसलेला सिनेमा

कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की पांढरकवड्याच्या हवेलाच धागे फुटतात. जिनिंगकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांवरून, ताडपत्री आवळून बांधलेल्या ट्रकांवरून कापूस उडत राहतो. रस्त्याकडेच्या बाभळींना लटकतो, विजेच्या तारांवर बसतो आणि फिरत फिरत माझ्या दुकानात शिरून शिलाई मशीनच्या शटलमध्ये ठाण मांडतो. मग टाके सुटायला लागतात. काळ्या ब्लाउजला पांढरी लव चिकटते आणि गिऱ्हाईक विचारतं, जुनं कापड लावलं का वो याले? या दिवसांत सकाळी दुकान उघडलं की आधी ब्रश घेऊन शटल साफ करायचं, मग देवाला अगरबत्ती लावायची. माझा क्रम असाच आहे.

यंदाही तो हंगाम आला. तुरी पिवळ्या झाल्या, पहाटे पाण्यात हात घालवत नाही. आणि यंदाही कुठल्याशा गाजलेल्या कादंबरीवरचा सिनेमा लागला आहे. प्राजू माझ्याकडे शिलाई शिकली, आता लग्न होऊन वणीला असते. ती रोज मला लोकांच्या प्रतिक्रिया पाठवते. कोणी थिएटरच्या दारातच रडतं आहे. कोणी गाडीत बसून, पट्टासुद्धा न सोडता सांगतं आहे की पुस्तक कसं सोन्यासारखं होतं आणि सिनेमावाल्यांनी त्याची कशी माती केली. एक मुलगी तर पुस्तक छातीशी धरून बोलते आणि मध्येच बोलायचं थांबून नुसती बघत राहते. त्यानंतर प्राजूचा आवाज येतो, "काकू, तुमची रिअॅक्शन सांगा ना." मी अंगठ्याचं चित्र पाठवून देते.

खरं सांगायचं तर माझ्याजवळ प्रतिक्रिया नसते. मी काही मोठी दुःखी बाई नाही. खाते, पिते, गिऱ्हाइकाशी हुज्जत घालते, झोपही बरी लागते. पण दाताच्या डॉक्टरनं सुई दिली की गाल आपलाच असतो आणि चावला तरी कळत नाही, तसं माझं काही वर्षांपासून झालं आहे. कापसाचा हंगाम आला की एवढंच कळतं की तो गाल अजून तिथेच आहे.

आमच्या दुकानात सिनेमा ऐकायची पद्धत होती. होती म्हणजे अजूनही आहे. गावात राहून नवा सिनेमा बघायचा तर यवतमाळ गाठावं लागतं. सगळ्यांना ते कुठून जमणार? मग जी जाऊन येईल तिनं दुपारी दुकानात बसून तो सांगायचा आणि बाकीच्यांनी हात चालू ठेवून ऐकायचा. तुरपाई करणारीनं तुरपाई करावी, हुक लावणारीनं हुक लावावेत. ऐकलेला सिनेमा आमच्यात पाहिलेलाच धरतात. "तो पाह्यला का?" असं कोणी विचारलं तर आमची बाई बिनदिक्कत "हाव" म्हणते आणि वर त्यातल्या सासूला शिव्याही घालते.

सांगणारीच्या तऱ्हा होत्या. वनिता म्हणजे हायवेपलीकडच्या गावची, घरची शेती, आठवड्यातून दोनदा बाजाराच्या निमित्तानं यायची आणि दुकानात बसून जायची. ती मारामारी सांगायला लागली की टेबलावरची कैची आधी उचलून ठेवावी लागे. नसीमआपा माझ्याकडे फॉल-पिको करतात, वयानं माझ्यापेक्षा मोठ्या, मला एकेरी हाक मारतात. त्या सिनेमा सांगत तो फक्त कपड्यांचा. नायिका मेली का जगली हे त्यांना विचारू नये. मरताना तिच्या बाह्या कोपरापर्यंत होत्या आणि गळ्याला मागून दोरी होती, एवढं पक्कं कळायचं. धंद्याला त्याचाच उपयोग होई, कारण पुढच्याच आठवड्यात तसला ब्लाउज शिवून मागायला पोरी येत.

आणि माझी ताई पुस्तक वाचून दाखवायची.

ताई माझ्यापेक्षा मोठी. माझं दुकान आणि तिचं घर यांच्यात दोन गल्ल्या. भाऊजींचं बी-बियाण्याचं दुकान. दुपारी त्यांचा डबा पोचवून झाला की ती माझ्याकडे येऊन बसायची. मुलंबाळं नाहीत, घरात दोघंच, आणि दोघांत बोलणं नाही. भांडण असतं तर भांडणाचे शब्द तरी ऐकू आले असते. भाऊजींनी कधी हात उगारला नाही, कधी दारू घेतली नाही. त्यांनी बोलणं बंद केलं होतं, इतकंच. काहून, असं मी एकदा विचारलं होतं. ताई म्हणाली, "सवय पडली त्यायले." आमच्याकडे अशा नवऱ्याला चांगला नवराच म्हणतात. मीही म्हणायची.

काही वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात, लग्नसराईत, ताईनं एक कादंबरी आणली. यवतमाळच्या पुस्तक प्रदर्शनातून घेतली होती. बाहेर ऊन भाजून काढत होतं, कूलरचं पाणी संपलेलं असे, आणि ती डोळ्याला चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून वाचायला बसायची. नदीकाठच्या कुठल्याशा गावातल्या कावेरी नावाच्या बाईची गोष्ट. मोठं घर, मागे विहीर, अबोल नवरा. आम्ही त्या विहिरीपर्यंत पोचलो तेव्हा माझे लग्नाचे सतरा प्रकारचे ब्लाउज अडकून पडले होते, तरी मी ऐकतच होते.

गोष्टीतली आमच्या जिवाची होती ती छबू, कावेरीची धाकटी बहीण. फटकळ, डोक्याच्या पिना दातात धरून बोलायची, पेरूला मीठ लावून खायची आणि बोलता बोलता समोरच्याच्या अंगावर बिया उडवायची. छबू आली की दुकानात जान यायची. वनिता आल्या आल्या विचारी, "आज छबू हाय का?" ताई म्हणे, "पाहू ना." नसीमआपांनी तर तिचे कपडेही ठरवून टाकले होते, बारीक फुलांचं छिटाचं पोलकं. ताई छबूचं बोलणं वाचायची तेव्हा तिचा आवाज मोकळा व्हायचा. बोट ओळीवरच असे, पण नजर कधी कधी दाराबाहेर जाई. आम्हाला वाटे की पुढची ओळ तिला आधीच पाठ आहे.

गोष्टीचा शेवट ऐकून आम्ही सगळ्या मुसमुसलो. छबू कावेरीच्या सासरी येते. उंबऱ्याच्या आत पाय ठेवत नाही. एकच शब्द बोलते, "चाल." कावेरी हात पुसते, पिशवी उचलते आणि निघते. छबूनं तिच्यासाठी एक खोली पाहून ठेवलेली असते, गॅरेजच्या वरच्या माळ्यावर. खाली वेल्डिंग चालतं आणि त्याचा निळा उजेड खिडकीच्या काचेवर येतो. दोघी बहिणी भिंतीला टेकून जमिनीवर बसतात, आणि गोष्ट संपते. पदरानं डोळे पुसत वनिता म्हणाली होती, "याचा सिनेमा निघाले पायजे."

आणि निघाला की! पावसाळ्यात मोबाइलवर त्याची झलक आली. प्राजूनं दुकानात येऊन दाखवली. घर तेच, विहीर तीच, कावेरीचं काम करणारी नटी आमच्या मनातल्यापेक्षा जरा गोरी होती, पण चालण्यासारखं होतं. ताईनं झलक पाहिली आणि मोबाइल प्राजूला परत दिला. वनितानं ठरवून टाकलं की कापसाचा पहिला वेचा झाला की आपण सगळ्यांनी यवतमाळला जायचं. ऐकायचा नाही, हा सिनेमा डोळ्यांनीच पाहायचा.

ताई नवरात्रात गेली. डेंग्यू झाला, पेशी उतरत गेल्या, आधी इथला दवाखाना, मग यवतमाळचा. मी शेवटपर्यंत जवळ होते. ती फारसं बोलली नाही, पाणी मागायची, आणि दुकान कोणी उघडलं का म्हणून विचारायची. गेली तेव्हा मी रडले नाही. बाया म्हणाल्या, रडू द्या तिले, मोकळी होऊ द्या. मी रडायला बसतात तशी बसलेही. पण काही आलं नाही. मग तेराव्यानंतर दुकान उघडलं, कारण तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांचे ब्लाउज घेऊन ठेवलेले होते आणि नवऱ्या मुली काही माझ्यासाठी थांबणार नव्हत्या.

त्या हंगामात कापूस चांगला फुटला होता. वनिताच्या शेतात सीतादही झालं, म्हणजे वेचणी सुरू करायच्या आधी पऱ्हाटीला दहीभाताचा नैवेद्य दाखवून झाला, आणि त्याच आठवड्यात सिनेमा लागला. वेचायला बाया मिळत नव्हत्या. ज्या यायच्या त्याही शिवारातल्या वाघाच्या भीतीनं उन्हं उतरायच्या आत घर गाठायच्या. तरी वनिता दुकानात येऊन उभी राहिली. म्हणाली, "कापूस दोन दिवस झाडाले राह्यला तं काई मरत नाही. ताईसाठी जाऊ." मी हो म्हणाले. त्या दिवसांत मी सगळ्यालाच हो म्हणत होते.

एस.टी.त खिडकीशी बसले. दोन्हीकडे शेतं पांढरी होती, मध्ये तुरीचे पिवळे पट्टे. एरवी मला ते दिसलं की काहीतरी होतं. त्या दिवशी मी एवढंच पाहिलं की पांढरं आहे आणि पिवळं आहे. नसीमआपांनी तिळाची चटणी आणि भाकरी आणली होती, ती खाल्ली. तिखट होती की नाही ते आठवत नाही.

थिएटरात गारठा. नसीमआपांनी ओढणी कानावर ओढून घेतली. सिनेमा सुरू झाला आणि आमच्या रांगेत हळूहळू कुजबुज सुरू झाली. कावेरीच्या लग्नात छबू दिसली नाही. वनिता म्हणाली, "लहान असन तवा." विहिरीचा प्रसंग आला, जिथे छबू पेरू खात बसलेली असते, तिथे कावेरी एकटीच पाणी शेंदत होती. वनिता अस्वस्थ झाली. मध्यंतरात तिनं समजूत घालून घेतली, "मोठ्या पार्टाचे लोक मंग येतात." पण छबू आली नाही. शेवटी संध्याकाळ होते, कावेरी दिवा लावते, दोन ताटं मांडते, नवरा येऊन बसतो, आणि दोघं न बोलता जेवायला लागतात. पडद्यावर बराच वेळ ती दोन ताटं. मग नावं.

दिवे लागले तेव्हा थिएटरात बाया रडत होत्या. पुढच्या रांगेतला एक म्हातारा चष्मा पुसत होता. मी माझ्या आत पाहिलं तर तिथे काही नव्हतं. आमची वनिता मात्र खुर्चीवरून उठून उभी राहिली आणि कोणालाच उद्देशून नसल्यासारखं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "छबू कुठी गेली?"

बसस्टँडवर प्राजूनं मोबाइल धरला. त्या दिवसांत ती सिनेमे पाहून आलेल्यांच्या प्रतिक्रिया टाकायची, तिला बघणारेही बरे होते. वनितानं डोक्यावर पदर घेतला आणि सुरू झाली, "आमी हे पुस्तक पुरं वाचेल हाय. शब्द न् शब्द. अन् यायनं त्यातली बहीणच काढून टाकली. छबू नसन तं त्या सिनेम्यात राह्यलं काय? अवं, ती येते, चाल म्हनते, अन् कावेरी जाते. इथं कावेरी ताटंच मांडून राह्यली. असे ताटं तं आमी रोजच मांडतो. ते पाहाले कायले यवतमाळले याचं?" नसीमआपांनी मागून भर घातली की छिटाचं पोलकंही कुठं दिसलं नाही आणि गॅरेजवरची ती खोलीही कापली. मी बाजूला पिशवी धरून उभी होते. प्राजू म्हणाली, "काकू, तुमी बोला ना." मी म्हणाले, "सिनेमा बरा होता."

गावाला पोचेपर्यंत आमच्या वनिताचं बोलणं भलत्याच लोकांनी पाहिलं. आधी लोकांना मजा वाटली. बिनधास्त काकू म्हणून कौतुक झालं. मग पुस्तक वाचलेले लोक आले. एकानं लिहिलं, कादंबरीत बहीण नाहीच. दुसऱ्यानं लिहिलं, शेवट पुस्तकातलाच आहे, ती दोन ताटं हाच तर त्या कादंबरीचा कळस. तिसऱ्यानं हसण्याची चित्रं टाकली आणि विचारलं की काकूंनी कोणती मालिका पाहिली. वनिता पेटली. वेचणी सोडून ती दुकानात येऊन बसायची आणि प्राजूकडून उत्तरं लिहून घ्यायची. "लिही, आमी दोन महिने आयकलं. लिही, हे लोकंच पुस्तक न वाचता बोलून राह्यले." एका भल्या माणसानं तर विचारलं की तुमच्याजवळ वेगळी आवृत्ती आहे का, मला बघायला मिळेल का? वनिता माझ्याकडे वळून म्हणाली, "सुमनताई, ते पुस्तक आना. पान उघडून दाखोतो एकेकाले."

पुस्तक ताईच्या घरी होतं. मी भाऊजींच्या दुकानात गेले. ते बियाण्याच्या रिकाम्या पाकिटांचा गठ्ठा बांधत होते. म्हणाले, "बस." मी म्हणाले, "ताईचं एक पुस्तक होतं, ते पाहिजे होतं." त्यांनी सुतळीची गाठ मारली, दुसरी मारली. मग मान वर करून विचारलं, "ती वाचे काय?" ताई गेल्यानंतर ते माझ्याशी बोललेलं ते सगळ्यात मोठं वाक्य. त्यांनी खिशातून घराची किल्ली काढून दिली. मला त्यांचा राग यायला हवा होता, किंवा कीव. मी किल्ली घेतली.

पुस्तक मी दुकानात आणलं आणि मशीनवर ठेवून वाचलं. मला वाचायची सवय नाही. चार ओळी झाल्या की डोळे शिलाईकडे जातात. तरी वाचलं. आधी छबू जिथे येते ते लग्न वाचलं, मग विहीर. तिथे कावेरी आणि विहीर एवढंच होतं. पहिल्या पानापासून वाचलं. कावेरी आईबापांची एकुलती एक होती, हे दुसऱ्याच पानावर लिहिलेलं होतं. शेवटच्या पानावर दिवा होता, दोन ताटं होती. नदीकाठच्या त्या गावात गॅरेज नव्हतं, वेल्डिंग नव्हतं. ज्या ज्या ठिकाणी आम्ही हसलो होतो, त्या त्या ठिकाणी पानावर काहीच नव्हतं.

दुपारी बाया जमल्या तेव्हा मी सांगून टाकलं. "छबू पुस्तकात नाही. ताईनं मनानं घातली होती." प्राजू पटकन म्हणाली, "मंग ते व्हिडिओ काढून टाकते मी." वनिता म्हणजे एवढ्या लोकांशी भांडून बसलेली बाई. मला वाटलं, आता ताईला दोन शब्द लावेल, आणि लावले असते तरी मला चाललं असतं. ती गुडघ्यावरच्या पिशवीचे बंद सोडत-बांधत राहिली. मग म्हणाली, "काढू नको. छबू होती. आपून सगळ्याइनं आयकली हाय."

नसीमआपा त्या दिवशी सगळ्या गेल्यावर थांबल्या. पिकोच्या मशीनवर कापड घालून, पुन्हा काढून, पुन्हा घडी करून घातलं. मी म्हणाले, "आपा, काय झालं?"

"ती खोली हाय," त्या म्हणाल्या.

"कोणती खोली?"

"गॅरेजवरची. माझ्या जेठाचं गॅरेज हाय ना हायवेवर, त्याच्या वरची. तुही ताई पाह्यले आलती. मीच नेलं होतं तिले. उन्हाळा लागाच्या आधी. खिडकीपाशी उभी राह्यली लय वेळ. खाली पोट्टे वेल्डिंग करून राह्यले होते, मी म्हटलं डोळे खराब होतीन, मांगं हो. म्हणे, राहू द्या आपा, चांगलं वाटते."

मी विचारलं, "कोणासाठी पाहत होती?"

आपांनी माझ्याकडे पाहिलं. "तिच्यासाठी. अजून कोनासाठी?"

बाहेरून कापसाचा ट्रक गेला. दुकानाचं शटर थरथरलं. मी विचारलं, "तुम्ही मला का नाही सांगितलं?"

"कसम घातली होती तिनं. म्हणे, आपा, सुमनले मीच सांगीन." आपांनी कापडाची घडी पुन्हा केली. "मी वाट पाहत राह्यली, का आज सांगन, उद्या सांगन. मंग एक दिवस त्या पुस्तकात ती खोली आली. निळा उजेड आला. तवा मले समजलं का हे काई पुस्तक नोय. सांगूनच तं राह्यली होती ती तुले. रोज दुपारी."

आपा ओढणी सावरून निघून गेल्या. मी दुकान लावलं, घरी गेले, वरण-भाताचा कुकर लावला. जेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून ब्रशनं शटल साफ केलं. लोकांना वाटतं की असं काही कळलं की बाई कोसळते. सिनेमात कोसळतेच. माझ्या बोटांना त्या दिवशी सुई टोचली आणि रक्त ब्लाउजच्या अस्तराला लागलं, तेव्हा मला कळलं की टोचली.

अलीकडे मी त्या खोलीकडे जाऊन आले. मुद्दाम नाही, नसीमआपांच्या जेठांच्या, म्हणजे त्यांच्या थोरल्या दिरांच्या गॅरेजमध्ये आमच्या ह्यांची गाडी दुरुस्तीला टाकली होती. वर आता टायर भरून ठेवले आहेत. जिन्यावर पाय ठेवला आणि परत काढला. ताईनं तिथं राहून काय केलं असतं, मला कल्पना करता येत नाही. डबा कोणाला पोचवला असता? दुपारी वाचायला तर माझ्याकडेच आली असती. म्हणजे बदललं असतं ते काय, तर संध्याकाळ. दिवेलागणीला तिला दुकानातून उठावं लागलं नसतं. एका संध्याकाळसाठी माणूस एवढं धाडस करू शकतं, हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. आता पटतं, पण पटून आत काही हलत नाही.

प्राजूनं तो व्हिडिओ अजून ठेवला आहे. त्याखाली अजूनही कोणीतरी येऊन लिहून जातं की बहीण नाहीच मुळी. वनिता आता उत्तर देत नाही. पण दुकानात एखादी नवी बाई आली, तिनं तो सिनेमा पाहिलेला नसला, तर वनिता तिला तो सांगते, आणि छबूसकट सांगते. विहिरीवर पेरूच्या बिया उडवते. उंबऱ्याबाहेर उभी राहून चाल म्हणते. गेल्या आठवड्यात महागावची एक बाई ऐकून गेली. जाताना म्हणाली, सिनेमा भल्ला आवडला. तिच्या गावात ती आता तो आणखी कोणाला सांगेल. मी हुक लावत ऐकत होते. चाल म्हणायची वेळ आली की वनिता माझ्याकडे बघत नाही, एवढं मात्र ती पाळते.

काल प्राजूचा पुन्हा निरोप आला, काकू, तुमी कधीच काही सांगत नाही. मला तिला सांगावंसं वाटलं की एकदा दिली होती ग मी प्रतिक्रिया. तुम्ही सगळ्या तिथेच होता. उन्हाळ्यातली ती शेवटची दुपार, ताईनं शेवट वाचून पुस्तक मिटलं, तुम्ही नाकं पुसत होता, आणि मी तोंडातल्या टाचण्या काढून हातावर घेतल्या आणि म्हणाले, "अशी बहीण पायजे, बाप्पा. पन एवढे दिवस कुठी होती ही? पह्यलेच नसती का आली?"

ताईनं चष्मा काढला. पदराच्या टोकानं काचा पुसल्या. म्हणाली, "लहान हाय ना ती. तिले वेळ लागते समजाले."

त्यावर सगळ्या हसल्या होत्या. मीही हसले होते आणि टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या होत्या.